पाठ देणारा

आमच्यात बढती हा शब्द नव्हता. 'वर घेतलं' म्हणत. अमक्याला वर घेतलं, तमका अजून खालीच आहे. बाहेरच्या माणसाच्या कानावर पडलं तर त्याला वाटे, माडीवर धान्याची पोती चढवण्याचं बोलणं चाललंय.

हे लिहावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. शपथ घेतलेली आहे. पण ज्यांच्यासमोर घेतली त्यांतलं आता कोणी उरलं नाही. तालमीच्या जागी दुसऱ्याच कोणाचं घर उठलं आहे, आणि मी इकडे छत्तीसगडात पडलोय, जिथं माझं 'काहून' ऐकून शेजारची पोरं हसतात. तरी नावं लिहीत नाही. माझंही नाही. धाकधूक अजून गेलेली नाही, म्हणून.

मी हिवरखेडचा. मराठी चौथी पुरी व्हायच्या आतच शाळा सुटली. पुढे मिसरूड फुटल्यावर अमरावतीला एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागलो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, पण आम्हाला त्याचं काय. आमचा प्रांत म्हणजे कापसाचा ढीग. दिवसभर तूस नाकातोंडात जाई. तिथंच तो मला भेटला. भातकुलीकडचा माळी, माझ्याहून बराच मोठा. एरवी वांगी आणि झेंडू लावायचा, कापसाच्या हंगामात जिनात यायचा. पहिल्याच थंडीत मी तापाने फणफणलो, तेव्हा जिनातल्या कोणी मला ओळखही दाखवली नाही. यानं मला भाजीच्या गाडीत घालून घरी नेलं. त्याच्या बायकोनं मला कण्या खाऊ घातल्या आणि माझे कपडे धुतले. मी बरा झाल्यावर तो म्हणाला, अंगात जीव नाही तुझ्या, चल तालमीत. मी त्याला दादा म्हणत असे. तो मला म्हणे 'लेका'.

तालमी दोन होत्या. बाहेरची सगळ्या गावाला माहीत होती. जोर, बैठका, लाठी, मोहरमला आणि गणपतीला पट्ट्याचे हात. आणि त्याच मातीवर, त्याच माणसांतल्या काहींची एक आतली तालीम होती. तिचं नाव कोणी काढत नसे. वस्ताद बाळापूरचे, म्हातारे मुसलमान, पागोटी बांधण्यात हात बसलेला. ते सांगत की फार मागे एक गड पडला, तेव्हा त्यावरचे शिपाई खाली उतरून गावोगाव पांगले. कोणी माळी झाले, कोणी विणकर, पण शिपाईपण सोडलं नाही. खरं-खोटं मला माहीत नाही. पण आम्ही आपसात एकमेकांना शिपाईच म्हणत होतो. काम म्हणजे राखण. आडवाटेला एखादं वाटमारीचं ठिकाण, जंगलातली एखादी वस्ती जिथं कोणी रात्र काढत नाही, तिथं आमचा एक माणूस जाऊन साधा चौकीदार म्हणून राही. तो कोण, कुठला, हे तिथल्या कोणाला जन्मभर कळत नसे.

तीन पायऱ्या होत्या. माती, काठी आणि धार.

मातीवाल्यानं माती करायची. ती चाळायची, तिच्यात ताक, हळद, तेल घालून कालवायची, आणि मार खायचा. मातीवरून काठीवर कसं जायचं, हे कोणी सांगत नसे. परीक्षा चालू आहे हेही कळत नसे. मला फार नंतर कळलं. वस्ताद प्रत्येक मातीवाल्याला एकट्याला गाठून एक गुपित सांगत. प्रत्येकाला वेगळं, आणि सगळी खोटी. मग नुसतं थांबत. ते गुपित गावातून फिरून परत आलं, तर तो माणूस मातीतच राहिला. मला त्यांनी सांगितलं होतं की अकोल्याच्या किल्ल्याच्या भिंतीत एक तलवार चिणलेली आहे. मी ते कोणाला सांगितलं नाही. माझा काही मोठेपणा नाही त्यात, मला सांगायला माणूसच नव्हतं. एका पठ्ठ्याला सांगितलं होतं की वस्तादांना मोडी वाचता येत नाही. त्यानं ते सासऱ्याला सांगितलं, आणि पंधरवड्यात बाजारातली मेथीवाली वस्तादांना म्हणाली, बाबा, तुम्हाले दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही म्हणे. वस्ताद आठवडाभर हसत होते. तो पठ्ठ्या मात्र मातीतच म्हातारा झाला.

काठीवरून धारेवर जाणं वेगळं होतं. धार म्हणजे गुप्ती, काठीच्या पोटात लपवलेलं पातं. ती हातात आली की माणसानं गाव सोडायचं. आणि ती कसब दाखवून मिळत नसे. काठीवाल्यांच्या जोड्या लावलेल्या असत. नागपंचमीला दुपारी, बाहेरची कुस्ती आटोपल्यावर, दार लावून एक जोड मातीवर उतरायची. लाठी पूर्ण जोरानं, हातचं न राखता. मग वस्ताद थांबवत, दोघांना समोरासमोर उभं करत आणि एकच शब्द म्हणत: "पाठ."

बाहेरच्या जगात पाठ दाखवणारा भ्याड. आमच्यात उलटं होतं. त्या शब्दावर दोघांपैकी एकानं दुसऱ्याकडे पाठ फिरवली तर ज्याच्याकडे पाठ फिरली तो वर गेला. फिरवणारा काठीवरच राहिला, कायमचा. त्याला पुन्हा संधी नाही. कोणीच फिरलं नाही तर दोघंही पुढच्या नागपंचमीपर्यंत खाली. सख्खे चुलतभाऊ होते दोन. वर्षामागून वर्षं ते एकमेकांसमोर ताठ उभे राहिले आणि दाढ्या पांढऱ्या करून घेतल्या. कोणी त्यांना हसत नसे.

मी एकदा धीर करून वस्तादांना विचारलं, ज्याचा हात चांगला त्याला का देत नाही. ते म्हणाले की हात चांगला असलेले डाकूही पुष्कळ असतात. ज्याच्यासाठी दुसऱ्या माणसानं आपला हक्क सोडावा, असा माणूस एकटा जंगलात पात्यासह सोडता येतो. दुसरा नाही.

माझी जोड दादासोबत लावली होती.

मी तालमीत यायच्या कितीतरी आधीपासून तो काठीवर होता. पहिला जोडीदार पटकीच्या साथीत गेला, तेव्हापासून तो बिनजोडीचा बसला होता. मला त्यानंच शिकवून तयार केलं, आणि काठीवर मी चढलो तेव्हा वस्तादांनी त्यालाच माझ्यासमोर ठेवलं. त्याला धार हवी होती. तोंडानं मागायची सोय नव्हती, पण मला कळत होतं. वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडता सोडता तो खुरप्याच्या दांड्यानंसुद्धा ते पात्याचे हात करायचा. बायकोला तो एवढंच सांगे की तालमीत एक गोष्ट आहे, ती भेटली की मग पाहू. ती हसून मला विचारी, कोणती हो भाऊजी ती गोष्ट, सोन्याची हाय का? मी खाली पाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्याचा खोकला सुरू झाला. जिनाची तूस म्हणा की काय म्हणा. आधी कोरडा, मग रंगाचा. मी पाहिलं तेव्हा तो म्हणाला, पान खाल्लं होतं. तो पान खात नसे. मला कळून चुकलं की येती नागपंचमी त्याची शेवटची. पुढच्या वर्षी त्याला काठी पेलणार नाही. धार घेऊन गाव सोडणं त्याला झेपलं असतं का, हा विचारही मी केला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: त्याला ती मिळाली पाहिजे, मग एका दिवसापुरती का होईना. मी तेव्हाच ठरवून टाकलं की शब्द पडताच मी फिरणार. खोलीवर एकटा असताना मी डाव्या टाचेवर फिरून पाहत असे. मला भीती होती की ऐन वेळी पाय उचलणार नाही. माझा स्वभाव तसाच, लहानपणापासूनचा. दार लावलं की नाही ते दोनदा जाऊन पाहणारा.

नागपंचमीला पाऊस धरून होता. पत्र्यावर नुसता आवाज. आम्ही उतरलो. दादा त्या दिवशी असा खेळला की जुने लोक उठून उभे राहिले. माझ्या मनगटावर त्याची काठी बसली ती खूण अजून आहे. मध्येच तो गुडघ्यावर आला, तोंड मातीला लावल्यासारखं केलं आणि उठला. लोकांना वाटलं मातीला नमस्कार केला. मी जवळ होतो. त्या जागची माती काळी झाली होती.

वस्तादांनी हात वर केला. आम्ही समोरासमोर उभे राहिलो. मी डावी टाच घट्ट रोवली आणि वस्तादांच्या ओठांकडे पाहत राहिलो, शब्द चुकू नये म्हणून.

तिथंच घोटाळा झाला. मी ओठांकडे पाहत होतो, त्यामुळे दादा कधी फिरला ते मला दिसलंच नाही. शब्द पडला, मी टाच उचलली आणि समोर पाहतो तर त्याची पाठ. ओली, मातीनं माखलेली, श्वासागणिक वरखाली होणारी. तो शब्दाच्या आधीच फिरला होता.

एक जण म्हणाला की शब्दाआधी फिरला, हे धरायचं नाही. दुसरा म्हणाला, पुन्हा उभं करा. मीही तेच म्हणणार होतो, पण पाठ मिळालेल्या माणसानं त्या वेळी बोलायचं नसतं. मी वस्तादांकडे पाहिलं. त्यांनी दादाच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं.

"फिर गया सो फिर गया," ते म्हणाले. मग पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि आत निघून गेले.

आमच्यात एक कायदा होता. पाठ देणाऱ्याचे आभार मानायचे नाहीत. आभार मानले की गोष्ट मिटते, आणि ती मिटू द्यायची नाही, असं जुने लोक सांगत. मी त्याला हौदावर गाठलं. आभार मानले नाहीत. काहून केलं, एवढंच विचारलं. त्याला माहीत होतं की मी फिरणार होतो. माझी टाच खोलीतली फरशी झिजवून राहिली होती म्हणे, घरमालकीणच त्याला सांगत होती की तुमचा भाऊ एकटाच नाचते.

त्याने चूळ भरली, पाण्याचा रंग पाहिला आणि पायानं माती सारून तो झाकला.

"मह्या हातात ते दिवाळीपावतर राह्यलं असतं," तो म्हणाला. "तुह्या हातात लय दिवस राहीन. जाय आता. अन् मांगं पाहू नोको."

"पण दादा, तुमाले पाहजे होतं ना."

"पाहजे होतं म्हनूनच देल्लं ना बे. नको असलेलं कोणी बी देते."

मला अकोल्याला धाडलं. तिथं कापसाच्या बाजारात एक जुना धारवाला चौकीदार होता, त्याच्या हाताखाली मी नुसतं चौकीदार दिसायला शिकलो. बिडी कशी ओढायची, शिव्या कशा खायच्या, गुप्ती जवळ असून कोणी काठी हिसकावली तर हसून कशी द्यायची. दादाला निरोप पाठवायची मनाई होती. बडनेऱ्याकडून येणाऱ्या भाजीवाल्यांत मी त्याच्या ओळखीचा चेहरा शोधत असे. त्यांतल्या एकानं सांगितलं की तो तालमीत नव्या पोरांना शिकवतो, बसून शिकवतो. मग दसऱ्याआधी दुसऱ्यानं सांगितलं की तो गेला.

मी न विचारता गेलो. त्याची शिक्षा पुढे झाली, ती सोडा. भातकुलीकडे त्याच्या घरी पोचलो तर वहिनी मळ्यात होती. झेंडू ऐन भरात आलेला, आणि फुलं कोणासाठी थांबत नाहीत. दसऱ्याचा बाजार दोन दिवसांवर. तिनं मला पाहिलं आणि दुसरी टोपली पुढे सरकवली. मी तिच्या बाजूच्या ओळीला लागलो. तिनं सगळं सांगितलं, कधी खोकला वाढला, कधी अन्न सुटलं, शेवटच्या दिवशी खुरप्याचा दांडा मागत होते ते. तालमीतून चार माणसं आली होती, उभी राहिली, काही बोलली नाहीत, गेली.

भरलेली टोपली तिनं बांधावर ठेवली आणि पुन्हा ओळीला लागली.

"भाऊजी, एक इचारू?" ती म्हणाली. "ते जे होतं त्याईचं तिथलं. भेटलं काय त्याईले?"

शपथेप्रमाणे मला म्हणायला हवं होतं, कोणतं, मला काही माहीत नाही. पण मी त्या घरच्या कण्या खाल्ल्या होत्या. आणि खरं काय होतं, ते मला तरी कुठं नीट सांगता आलं असतं? ती धार माझ्याजवळ होती, काठीत, बांधावर टेकवलेली. आणि वस्तादांनी ज्या माणसाला धार द्यायची म्हणून सांगितलं होतं, तसा माणूस त्या तालमीत मी एकच पाहिला होता.

"भेटलं, वहिनी," मी म्हणालो.

तिचा हात थांबला नाही. ओळीच्या टोकापर्यंत ती खुडत गेली, आणि तिथं पोचल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मंग मले काहून नाही सांगतलं त्याईनं? वांग्याले भाव भेटला तरी घरी येऊन सांगत होते."

मी फुलं खुडत राहिलो. संध्याकाळी तिनं भाकर बांधून दिली, आणि पुन्हा त्याबद्दल काही विचारलं नाही. थोड्याच दिवसांत मला इकडे धाडलं, आणि मग परत जाणं झालंच नाही. तिला वाटलं असेल की शेवटी त्यानं तिच्यापासून काहीतरी लपवलं. ते मी माझ्या एका शब्दानं केलं, की 'नाही भेटलं' म्हटलं असतं तर याहून वाईट झालं असतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.