रुआँतली प्रदक्षिणा

फ्रान्समधलं रुआँ हे शहर मी बहुतेक पळत पळत पाहिलं. तिथलं मोठं चर्च, रस्त्यावरच्या कमानीतलं घड्याळ, जुना बाजार, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. पण त्यातल्या कशापुढे निवांत उभी राहिले असं झालं नाही. कोणी विचारलं, "कसं आहे गं शहर?" तर मला काकांपासूनच सुरुवात करावी लागते.

मी नॉटिंगहॅमला एका म्हाताऱ्या मराठी जोडप्याकडे कामाला जाते. काका इथल्या हॉस्पिटलात हाडांचे सर्जन होते, काकू शाळेत गणित शिकवायच्या. माझा नवरा इथे रेस्टॉरंटमध्ये शेफ आहे, त्याच्या व्हिसावर मी आले. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. इथे आल्यावर पहिले काही महिने मी दुकानातसुद्धा तोंड उघडत नव्हते. काकूंनी मला कामावर ठेवलं, बसमध्ये काय बोलायचं ते शिकवलं, डॉक्टरकडे माझ्यासोबत येऊन बसल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आणि ते काम जाईल की काय ही धास्ती तेव्हा कायम असायची, हेही खरं.

काकांना विसरायचा आजार. आधी चष्मा विसरायचे, मग रस्ता, मग स्वतःच्याच घरातलं बाथरूम. एकदा सकाळी नाइट ड्रेसवरच ट्रॅमच्या रुळांकडे निघाले होते. त्यानंतर मुलाने एका केअर होममध्ये खोली बघितली. मुलगा क्रॉयडनला असतो, इथेच जन्मलेला. फोन स्पीकरवर असायचा, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"आई, ते तो रूम जास्त दिवस होल्ड नाही करणार. तू रिअलिस्टिक हो ना प्लीज."

"मी रिअलिस्टिकच आहे. मला एकदा त्यांना रुआँला नेऊ दे."

"फ्रान्स? आई, बाबाला घरातला टॉयलेट सापडत नाही!"

"तिथलं सगळं सापडतं त्यांना."

ते खोटं नव्हतं. लग्नानंतर नव्यानेच इंग्लंडात आलेले असताना ते दोघं सुट्टीत बोटीने तिकडे जायचे. त्या फोटोंचा अल्बम काकूंनी पुढे ठेवला की काकांचं बोट बरोबर जागेवर जायचं. "हा लोण्याचा मनोरा. हे घड्याळ. ह्या गल्लीत तू पडली होतीस." स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नसलेला माणूस हे सगळं बोलायचा. काकूंनी त्यावरच सगळी आशा बांधली होती. शेवटी मायलेकांत ठरलं की आम्ही जाऊन यायचं. काका तिथे नीट राहिले, काकूंना ओळखून वागले, तर ते घरीच राहतील आणि मी दिवसभर यायला लागेन. नाहीतर परत आल्यावर होम. काकूंनी मला हे स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "तू बरोबर चल. माझ्या एकटीच्याने नाही व्हायचं."

फ्रान्सचा व्हिसा काकूंनीच करून दिला. तरी निघायच्या आदल्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. परत येताना इथे आत घेतील ना? इंग्लंडचा व्हिसा आता फोनवरच असतो, तो ऐन वेळी उघडलाच नाही तर? नवरा म्हणाला, "अगं, लोक फ्रान्सला जायचं म्हणून नाचतात, आणि तू दहाव्याला निघाल्यासारखी बसलीयेस." मी त्याच्यावर चिडले, पण तो म्हणाला ते काही चुकीचं नव्हतं.

लंडनहून समुद्राखालच्या ट्रेनने पॅरिस, तिथून पुढे दुसऱ्या ट्रेनने रुआँ. ट्रेनमध्ये काका शांत होते. रुआँच्या स्टेशनबाहेर आले तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "आपलं हॉटेल खाली नदीकडे आहे ना?" काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला रडू येईल असं वाटलं. ते हॉटेल कधीच बंद पडलेलं होतं, पण नदी खालीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चर्च बघायला गेलो. मी एवढी उंच दगडी इमारत कधी पाहिली नव्हती. दगड दगडासारखा दिसतच नव्हता, लेस विणल्यासारखा दिसत होता, पण काळी पडलेली, पावसात भिजलेली लेस. पुढचे दोन मनोरे एकमेकांसारखे नाहीत. उजव्या हाताचा तो लोण्याचा. काकूंनी सांगितलं, पूर्वी इथल्या लोकांना उपासाच्या दिवसांत लोणी चालत नसे. ते खायची परवानगी हवी म्हणून ज्यांनी चर्चला पैसे दिले, त्यांच्या पैशांतून तो मनोरा उभा राहिला, असं म्हणतात.

"आपण खिचडीत फुकट तूप घालतो, काकू," मी म्हणाले.

"म्हणून तर आपल्याकडे मनोरा नाही," काका म्हणाले.

आम्ही तिघं हसलो. काकू जरा जास्तच हसल्या. मला वाटतं त्या क्षणी त्यांनी मनात मुलाला उत्तर देऊन टाकलं होतं.

दारापाशी काका बाकावर टेकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"अहो, इथे नाही काढायचे."

"देवळात बूट घालून जाणार? तुझं आपलं काहीतरीच."

 मी बूट पिशवीत घेतले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मी स्वतः बूट घालून आत जाताना कसंतरीच वाटत होतं. आत शिरताना काकांनी हात वर करून घंटा शोधली. ती नव्हती, तर हात कपाळाला लावून ते पुढे गेले.

आत गार आणि अंधारं होतं. खांब इतके उंच की वर बघताना तोल जावा. काका थेट समोर गेले, हात जोडले, डोळे मिटले. मग मागे वळून म्हणाले, "मी एक प्रदक्षिणा घालून येतो."

त्या चर्चमध्ये मुख्य जागेच्या मागून वळसा घालून जायला खरंच वाट आहे, आपल्या गाभाऱ्याभोवती असते तशी. मी काकूंकडे पाहिलं.

"मी जाऊ का त्यांच्याबरोबर?"

"नको. घालू दे एकट्यांना. डावीकडून गेले की उजवीकडून येतील. किती दिवसांनी काहीतरी स्वतःहून करतायत."

मलाही त्यात वावगं वाटलं नाही. देवळात घरचं माणूस प्रदक्षिणेला गेलं की आपण काय करतो? दुसऱ्या बाजूला उभं राहतो आणि ते येतंच. मागे कधी गेलंय कोणी? आम्ही दोघी उजव्या हाताला जाऊन त्या वाटेकडे तोंड करून उभ्या राहिलो. काकू मला रंगीत काचा दाखवत होत्या. त्या वाटेने एक जपानी कुटुंब आलं, एक बाई मुलाला कडेवर घेऊन आली, छत्रीवाला एक म्हातारा आला. आणि मग कोणीच आलं नाही.

काकू बोलायच्या थांबल्या. मी धावत पूर्ण फेरी मारली. मागे कोणी नव्हतं. डावीकडे, फेरीच्या सुरुवातीलाच, एक बाजूचं दार होतं, आणि त्यातून उजेड येत होता.

देवळाला असं दार नसतं, एवढंच मला तेव्हा सुचलं.

काकूंनी तिथल्या रखवालदाराला आपल्या मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. त्याने खांदे उडवले, मग कोणाला तरी फोन लावला. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांना पळता येत नाही. त्या म्हणाल्या, "मी इथेच थांबते, परत आले तर. तू जा. हॉटेल नदीकडे आहे म्हणत होते, नाहीतर घड्याळाकडे असतील." आणि मी निघाले, परक्या देशात, एका हातात बुटांची पिशवी, दुसरा हात पासपोर्टच्या पाकिटावर. मला तिथली भाषा येत नव्हती. इंग्रजीसुद्धा त्या वेळी एक शब्द आठवेना.

आधी नदीपर्यंत जाऊन आले. मग ते घड्याळ दिसलं. रस्त्यावर कमान आहे, आणि कमानीत सोनेरी, गाडीच्या चाकाएवढं घड्याळ. त्याला एकच काटा. लोक खाली उभं राहून फोटो काढत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्यांत काकांचा चेहरा शोधत होते. तिथून पुढे जुना बाजार. तिथे एका पोरीला, विशीसुद्धा न ओलांडलेल्या, लोकांसमोर जिवंत जाळलं होतं, हे काकूंनी मला आदल्या संध्याकाळी सांगितलेलं. आता तिथे फुलांचा वाफा आहे, बाजूला माशाच्या पाठीसारखं छप्पर असलेलं चर्च, आणि भोवती लोक टेबलं मांडून चहा-कॉफी पीत बसलेले. मला त्यांचा राग आला. का आला, सांगता येत नाही. मी काकांचा फोनवरचा फोटो एकेका टेबलाशी नेऊन दाखवला. नाही म्हणून माना हलल्या.

परत आले तर काकू त्याच दाराशी उभ्या. मी लांबूनच नाही म्हणून मान हलवली. मी त्या बाजूच्या दारातून बाहेर पडले आणि या वेळी दुसऱ्या बाजूला वळले. लाकडी चौकटींची जुनी घरं रस्त्यावर पुढे झुकलेली, मधे आभाळाची एक चिंधी. एका दुकानदारणीला फोटो दाखवला. तिने माझ्या पायांकडे बोट केलं, मग स्वतःचा बूट काढल्यासारखं केलं आणि गल्लीच्या टोकाकडे हात दाखवला. तिने त्यांना मोज्यांवर जाताना पाहिलं होतं.

टोकाला आणखी एक चर्च, त्याच्या बाजूने एक बोळ, आणि बोळातून आत एक मोठं चौकोनी अंगण. चारही बाजूंनी काळपट लाकडी माड्या. जवळ गेल्यावर दिसलं की त्या लाकडावर कवट्या कोरल्या आहेत. कवट्या, लांब हाडं, फावडी, कुदळी. नंतर काकूंनी सांगितलं, प्लेगात माणसं इतकी मेली की पुरायला जमीन पुरेना, तेव्हा जुनी हाडं उकरून या माड्यांवर रचून ठेवायचे. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. एवढंच दिसलं की अंगणाच्या कडेला शाळेच्या सहलीची पोरं घोळका करून उभी आहेत, आणि घोळक्याच्या मधोमध आमचे काका, हात वर करून, स्वच्छ इंग्रजीत बोलतायत.

ते हाडं शिकवत होते. हे मांडीचं, हे नडगीचं, याचा सांधा इथे बसतो. कोरणाऱ्याने इथे चूक केली आहे, कारण त्याने कधी आतून पाय पाहिलेला नाही. आवाज खणखणीत. एवढ्या महिन्यांत मी तो आवाज ऐकलाच नव्हता. पोरांना काय कळत होतं कोण जाणे, पण ती ऐकत होती. त्यांना वाटलं असावं, हेच इथले गाइड. काकांचे मोजे फाटले होते आणि एका टाचेतून रक्त येत होतं.

मी काकूंना फोन करून वाट सांगितली आणि काकांजवळ गेले.

"काका, बसा ना जरा. पाय बघू."

"सिस्टर, राउंड संपू द्या."

मी थांबले. राउंड संपल्यावर त्यांना बाकावर बसवलं आणि बाटलीतल्या पाण्याने टाच धुतली.  काकू बोळातून आत आल्या तेव्हा भिंतीचा आधार घेत चालत होत्या. त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, कुठे गेलात? किती घाबरले मी."

काकांनी मान वर केली. चेहऱ्यावर अगदी मायाळू हसू. त्यांनी काकूंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "घाबरू नका बाई. तुमचा पेशंट बरा होईल. नातेवाइकांनी असं आत यायचं नसतं. बाहेर बसा."

"अहो, मी आहे."

"हो, हो. सिस्टर, ह्यांना बाहेर बसवा जरा. चहा द्या."

काकू स्वतःच बाहेर गेल्या. बोळाच्या तोंडाशी भिंतीत एका काचेमागे वाळून कोळ झालेलं एक मांजर ठेवलं आहे, कोण्या काळी भिंतीत सापडलेलं. काकू त्याच्या शेजारी उभ्या राहून मुलाला फोन लावत होत्या. मी काकांना बूट चढवून त्यांच्या मागोमाग आणलं, म्हणून मला ऐकू आलं.

"ठेव ती रूम."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला.

"नाही, काही झालं नाही. बरे आहेत. खूप छान बोलतायत."

परतीची तिकिटं पुढच्या दिवशीची होती. मी म्हटलं आता खोलीतच बसू. काकू ऐकेनात. "तू पहिल्यांदा आलीस, आणि नुसती पळालीस. एक तरी इमारत नीट बघ." सकाळी त्या आम्हाला कोर्टाच्या जुन्या इमारतीपाशी घेऊन गेल्या. राजवाड्यासारखी नक्षी आहे वर, आणि खाली भिंतीला भोकंच भोकं. लढाईतल्या गोळ्यांची आहेत ती, मुद्दाम बुजवली नाहीत. काकू मला समजावून सांगत होत्या, कोणत्या लढाईतली, कोणी मारलेल्या, वर्गात शिकवत असाव्यात तशा. मी हो हो म्हणत होते, माझं लक्ष काकांच्या कोपरावर. मी ते घट्ट धरून ठेवलं होतं. काका भिंतीकडे बघत होते. त्यांना आता ती भिंतही आठवत नव्हती आणि आदल्या दिवसाची हाडंही.

"सॉरी हं," काकू मला मधेच म्हणाल्या. "तुझी ट्रिप वाया गेली."

मला ह्याच माणसांनी फ्रान्स दाखवलं. माझ्या माहेरचं कोणी पुण्याच्या पुढे गेलं नव्हतं. पण ते कसं सांगायचं मला कळेना, म्हणून मी नुसतं "नाही हो काकू" म्हटलं.

काकांना होममध्ये ठेवून आता बरेच महिने झाले. काकूंनी मला कामावरून काढलं नाही. मी त्यांना जेवण करून देते आणि दुपारच्या बसने त्यांच्याबरोबर होमवर जाते. काकांची खोली कोपऱ्यातली. होम चांगलं आहे, स्वच्छ आहे, तिथे कामाला असलेल्या मुली प्रेमाने वागतात. काकांना मात्र ते हॉस्पिटल वाटतं. ते तिथे ड्यूटीवर असतात. काकू अल्बम घेऊन जायच्या, आता नेत नाहीत. परवा आम्ही गेलो तेव्हा काका कॉरिडॉरमध्येच उभे होते. त्यांनी काकूंना अडवून विचारलं, "कोणत्या पेशंटकडे आलात?"

काकू म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या."

काकांनी जरा विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांचं फार काही खरं नाही. घरच्यांना कोणी सांगितलंय का?"

"हो," काकू म्हणाल्या. "सांगितलंय त्यांना."