थोरल्या बाबांचं नाव दगडावर का नव्हतं

सगळ्यात आधी आली ती चंद्राबाई. गावच्या चर्चपुढं आमची गाडी थांबते न थांबते, तोच पदर खोचून हजर! "सलाम गं! पळपुट्याच्या घरचे आज दगड बघाया आले व्हय?" जुनी शेजारीण असली म्हणून काय झालं, पाहुण्यांसमोर असं बोलायचं? आमचे हे गाडीतून उतरेनातच.

थांबा, मुळापासून सांगते. मी बोलतेय, नात टाईप करतेय.

आम्ही राहतो नगरजवळ भिंगारला, गाव कर्जत तालुक्यात. तिथल्या चर्चच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाचा दगड आहे. गावातले दहा गडी लढाईला गेले, दगडावर नावं नऊच. दहावे ह्यांचे आजोबा नथूबाबा, आमचे थोरले बाबा. दगड लढाईला गेलेल्या सगळ्यांचा, असंच सगळे धरून चालले होते; मग नाव नाही म्हणजे पळून आला, असं गावानं ठरवून टाकलं. बाबा तर कधी काही बोललेच नाहीत. त्या टोमण्यांपायी ह्यांनी गावाला जाणंच सोडलं.

गेल्या आठवड्यात पुण्याचे एक रिटायर सर आणि त्यांच्या बाई लढाईला गेलेल्यांची घरं शोधत आमच्याकडं आले. दगडावरचं पहिलं नाव सरांच्या पणजोबांचं. तो दगड बसवला कुणी, हे त्यांना कळेना. "तुम्ही दाखवायला चला," म्हणाले. हे नको नको म्हणत होते, पण मी भाकऱ्या बांधायलाच घेतल्या.

सकाळी लवकर निघा, ऊन लई लागतं. सोलापूर रस्त्यानं मिरजगाव, तिथं गरम भजी आणि चहा, मग आत वळायचं. गाडी नसली तर कर्जतची एसटी आहे, बायांना अर्धं तिकीट. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. बाई फोटो काढत होत्या.

चर्चमध्ये बाईंनी ओल्या फडक्यानं दगड पुसायला घेतला. नावांच्या वर-खाली चुन्याची ही जाड खपली! चुना कुणी मारला? मीच की! गावात होतो तोवर नाताळाची रंगरंगोटी आम्हा बायकांकडं. नावं तेवढी काळ्या रंगानं गिरवायची, बाकी भिंतीबरोबर सपासप चुना. मीही नखांनी खरवडायला लागले, खपली निघत गेली आणि सर मोठ्यानं वाचत गेले, "लढाईवर गेलेले, परत न आलेले आमचे भाऊ." मी ह्यांना हात धरून आत आणलं. नावांच्या खाली बारीक अक्षरं होती, "दगड आणून बसवला, परत आलेल्या नथूने."

आमच्या मागनं आत आलेली चंद्राबाई म्हणाली, "आगं बया! मंजी ह्यात नाव असतं तर म्हातारा मेलेला असता की!"

"आन बाबांचं लगीन लढाईनंतरचं, मग हे कुठनं आले असते?" मी म्हटलं.

"पर म्हाताऱ्यानं सांगितलं का न्हाई?"

"इचारलं हुतं का कुनी?" हे म्हणाले. म्हणाले आणि हसले. हसता हसता डोळे पुसले.

"चुकलं भावजी," चंद्राबाई म्हणाली. "आता जेवल्याबिगर सोडायची न्हाई." तिच्या हातची हुलग्याची शेंगोळी खाल्ली. माझ्या भाकऱ्या तशाच भिंगारला परत आल्या!

चुन्यानं माझी बोटं दोन दिवस चरचरत होती. पण ह्यांना त्या रात्री पडल्या पडल्या झोप लागली. किती वर्षांनी, देवच जाणे. दगड बाबांनी कुठून आणला, ते अजून कळलं नाही. सर म्हणतात, शोधू. गावातून निघतानाच हे त्यांना म्हणाले होते, "आमच्या गावाला परत या." 'आमच्या' म्हणाले बरं का! सर-बाई ईस्टरच्या रविवारी येतो म्हणालेत.