सोनीच्या नावाची सव्वा मूठ

आमच्या अथालच्या चाळीत सोनी राहते. माहेर अमळनेरकडचं, काम सिल्वासातल्या सुताच्या कारखान्यात. संध्याकाळी घरी येते तेव्हा केसांत सुताचे पांढरे तंतू अडकलेले असतात, बघणाऱ्याला वाटावं बाई अवेळी पिकली. पण बोलायला लागली की कळतं, म्हातारपण माझ्याच वाट्याला आलंय. तिच्या हाताखाली पुरुष आहेत. त्यांच्यावर ती हिंदीत रागावते, मालकाला गुजरातीत समजावते आणि घरी येऊन मराठीत हसते. कारखान्यात तिला मॅडम म्हणतात. माझ्याकडे विरजण मागायला येते, मी कशी मॅडम म्हणू?

तिचा नवरा जयवंत गेल्या वर्षी काविळीनं गेला. मागे राहिली लेक प्राजक्ता, कॉलेजात इतिहास शिकणारी, आणि डब्यातली कानबाई.

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची श्रावणातली देवी. नारळाला चांदीचे डोळे आणि नथ लावून तिला मांडायची, गाणी म्हणायची, दुसऱ्या दिवशी मिरवत नदीवर न्यायची. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, लागतात. रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं काढायचे, एकेकामागं सव्वा मूठ. बाईच्या नावाची मूठ नसते. दळायचं बाईनं, लाटायचं बाईनं, चुलीपुढं डोळे फोडायचे बाईनं, मूठ मात्र त्यांची. मीही जन्मभर तसंच करत आले.

श्रावण तोंडावर आला तसा सोनीचा दीर नीलेश वापीहून आला.

"वहिनी, यंदापासून कानबाई माझ्याकडे. तुमच्याकडे मूठ कोणाच्या नावाची काढणार?"

"चहा घ्या भाऊजी," सोनी म्हणाली. "साखर कमी आहे. गोड बोलून भरून काढा."

तिनं तेव्हा हसण्यावारी नेलं, पण तो जाताच माझ्या उंबऱ्याशी येऊन बसली. "आजी, सासूनं ती माझ्या ओटीत घातली होती. ती गेली तर या घरात मी नुसती भाडेकरू."

चाळीतली खानदेशी घरं रीतभात मला विचारतात. सगळ्यांत म्हातारी मी, एवढंच कारण. दोन इयत्तांत जेवढं शहाणपण येतं तेवढंच माझ्याकडे. मी विचारात पडले, तेवढ्यात आईमागोमाग आलेली प्राजक्ता म्हणाली, "आजी, इजिप्तमध्ये अगदी हेच झालं होतं."

"ते कुठं? वापीच्या पुढं?"

"बरंच पुढं. तिकडे राजा म्हणजे देवाचाच मुलगा. देवाला नैवेद्य दाखवायचा तोही राजाच्याच नावानं. राजा नसला तर देव उपाशी, सगळं जग बिघडणार."

"आणि राजा मेला तर?"

"मग मुलगा गादीवर बसायचा. पण हत्शेपसूत नावाच्या राणीचा सावत्र मुलगा अगदी लहान होता. आधी तिनं त्याच्या वतीनं कारभार पाहिला, मग सरळ राजाच झाली. राणी नाही आजी, राजा! मूर्तीत तिला दाढीसुद्धा आहे."

"खरी?"

"खोटी. राजेसुद्धा खोटीच बांधायचे."

मला हसू आवरेना. "म्हणजे पुरुषांचीही बांधलेलीच! मग भांडण कसलं?"

"आणि देवळाच्या भिंतीवर तिनं चित्रं काढून घेतली, की आमुन देव माझ्या वडिलांचं रूप घेऊन आला, मी देवाची लेक."

"हुशार बाई. बाप देव म्हटल्यावर कोणता दीर तोंड उघडेल?"

"पण ती गेल्यावर तिचं नाव भिंतींवरून खरवडून टाकलं."

सोनीनं एवढंच विचारलं, "ती होती तोवर देव उपाशी राहिला का?"

"छे! वीसेक वर्षं राज्य केलं. देवासाठी दूरदेशी जहाजं धाडून धुपाची झाडं आणली."

"मग झालं तर," सोनी म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काढ मूठ. तुझ्या नावाची. कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव."

गहू काढायच्या दिवशी नीलेश बायकोला घेऊन आला, सोबत नवीकोरी पिशवी. कानबाई घेऊनच जायची तयारी. इकडे सोनी सुपासमोर बसलेली. प्राजक्तानं बापाची टोपी आणून आईच्या डोक्यावर ठेवली. "दाढी नाही तर टोपी तरी."

सोनीनं स्टीलच्या डब्यात तोंड पाहिलं, हसली आणि टोपी काढून ठेवली. "त्या राणीला लोकांना दाखवायचं असेल. कानबाई मला नवी नवरी होते तेव्हापासून ओळखते." तिनं मूठ भरून सुपात सोडली, वर पाव मूठ. "ही सोनीच्या नावाची."

नीलेशचं तोंड उतरलं. "बाईची मूठ ती केवढी! देवीला पुरेल का?"

"तुमची केवढी असते?" सोनी भोळेपणानं म्हणाली. "दाखवा बरं."

गड्यानं ऐटीत गव्हात हात घातला. बोटांत जाड अंगठ्या, त्यामुळे मूठ नीट मिटेना, निम्मे गहू फटींतून गळले. उरलेले त्यानं तिच्या सुपात टाकले आणि वर पाव मूठही घातली, सवयीनं.

त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. आमच्यात ज्या सुपात मूठ पडली त्याच घरचे रोट, त्याच घरी कानबाई. पडलेली मूठ कोणी परत काढत नाही.

"पडली," मी म्हटलं. "नीलेश, यंदा तुझे रोट वहिनीच्या घरी."

"आजी, मी नुसतं दाखवत होतो!"

"देवीनंही पाहिलं."

सोनी सूप पाखडायला लागली होती. मान खाली, पण गालांत हसू मावत नव्हतं.

रोट खरपूस झाले. पहिला तिनं नीलेशला वाढला, त्यानं दुसरा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कानबाई सोनीच्या डोक्यावर, आम्ही गात मागं, आणि दमणगंगेच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या अडवायला पुढं नीलेश. जोरात ओरडत होता, "बाजूला व्हा, आमची कानबाई चाललीय!"

परतताना प्राजक्तानं त्याला हत्शेपसूतची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "त्या राणीच्या दिराचं पुढं काय झालं गं?"

"तिला दीर होता की नाही, काका," प्राजक्ता म्हणाली, "आमच्या पुस्तकात तेसुद्धा लिहिलेलं नाही."