गावंडे काकांचं बोट

गावंडे काका चेंडू टाकण्याआधी लेनच्या पाया पडतात, असं आमच्या अमरावतीच्या मॉलमधल्या बोलिंगवाल्या पोरापोरींना बरेच दिवस वाटत होतं. सत्तरीचा माणूस, पांढरा पायजमा, पायात भाड्याचे लाल-निळे बूट. गुडघ्यावर बसायचा आणि चकचकीत लाकडाला उजव्या हाताचं बोट टेकवायचा. एका बाईंनी तर त्यांच्या मागोमाग वाकून नमस्कार केला आणि मुलालाही करायला लावला. काका प्रत्यक्षात तेल बघत असत.

मी तिथल्या लेन, म्हणजे चेंडू घरंगळवायच्या लाकडी पट्ट्या, सांभाळणारा माणूस. लेनला रोज सकाळी तेलाचा पातळ हात द्यावा लागतो. चेंडू तेलावरून घसरत जातो आणि तेल संपलं की लाकूड धरून वळतो. एवढं कळायला मला आठ दिवसांचं ट्रेनिंग लागलं होतं. काका नातीच्या वाढदिवसाला पहिल्यांदा आले, बोट टेकवलं, अंगठ्यावर चोळलं आणि मला हाक मारली.

"बापू, डावीकडं तेल जास्त अन् उजवीकडं कमी, असं काहून लावून राहिला तू?"

"काका, सारखंच लावलंय."

"हे बोट अकोटच्या जिनिंगमधून कापूस पाहून पाहून रिटायर झालं. त्याले नको शिकवू."

तेल लावायची मशीन उघडली, तर उजव्या बाजूची जाळी तुंबलेली. त्या दिवसापासून मी काकांशी वाद घातला नाही.

काका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. मूठभर कापूस ओढायचे आणि ओल किती, पानांचा कचरा म्हणजे पत्ती किती, धागा किती लांब हे तिथल्या तिथे सांगायचे. एकदा त्यांनी सख्ख्या साळ्याचा ओला कापूस गाडीसकट परत पाठवला, आणि काकूंचं माहेर दोन दिवाळ्या बंद झालं. मग जिनिंगमध्ये कापूस तपासायचं यंत्र आलं आणि काकांना शाल-श्रीफळ मिळालं. "मशीनले नावं ठेवत नाई मी," ते म्हणायचे, "पण तिनं मले एक डाव विचारलं तरी असतं."

आमच्या शेठनी तीन नवे चेंडू मागवले, तेव्हा ते तपासायचं काम काकांनी कोणी न सांगता अंगावर घेतलं. एक पिवळा, गुळगुळीत. एक निळा, मध्यम. एक काळा, खरखरीत. पंधरा दिवस काका प्रत्येक चेंडू भरपूर तेलाच्या लेनवर, दिवसभर वापरलेल्या लेनवर आणि पुसून कोरड्या केलेल्या लेनवर टाकत होते. शेरे मात्र वहीत कापसाचेच. 'पिवळा : तेल असो नसो, सरळ जातो. स्वभाव गरीब. निळा : मध्यम धागा, संसारी. काळा : भरपूर तेलावर एक नंबर. कोरड्यावर फरदड.' फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर त्याच झाडांवरून निघालेला हलका कापूस. आपल्याला असं म्हटलंय हे त्या परदेशी चेंडूला कळलं असतं, तर त्याने जीव दिला असता.

एवढ्यावर भागलं नाही. निळा चेंडू काका पिशवीत घालून घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तो परत करायला काकू स्वतः आल्या. माझ्या टेबलावर दाणकन ठेवला आणि म्हणाल्या, "सांभाळा तुमचा गोळा. माह्या सैपाकघरातल्या फरशीवर अर्धी बाटली तेल ओतलं या माणसानं. अन् मले म्हणते, तू जराक बाजूले हो, टेस्टिंग चालू हाये!"

सगळं झकास चाललं होतं, आणि शेठनी लेनवरचं तेल मोजायचं यंत्र आणलं. आठ दिवसांच्या बोलीवर. काका त्या डबीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा बघून शेठही वरमले. म्हणाले, "काका, रविवारी अकोल्याच्या टीमशी मॅच आहे. चेंडू तुम्ही निवडायचा. जिंकलो, तर यंत्र परत पाठवतो." काकांनी शनिवारी दाढी केली, बोटाचं नख कापलं आणि रविवारी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

अकोल्यात शेठनी यंत्र लावलं. यंत्र म्हणालं, तेल जेमतेम, पिवळा घ्या. काका गुडघ्यावर बसले, बोट टेकवलं, चोळलं. "तेलच तेल हाये बाप्पा! काळा काढा."

आमच्या खेळाडूंनी काकांचं ऐकलं. काळा चेंडू निम्म्या वाटेतच वळायचा आणि बाजूच्या नालीत जाऊन पडायचा. एकदा, दोनदा, दहादा. अकोलेकर आधी हसत होते, नंतर त्यांना आमची दया यायला लागली. आम्ही सपाटून हरलो.

काका उठले. लेनशी जाऊन पुन्हा बसले. यावेळी त्यांनी डाव्या हाताचं बोट टेकवलं आणि अंगठ्यावर चोळलं. मग उजवं बोट नाकाशी नेलं. वाटेत मूर्तिजापूरला आम्ही कचोरी खाल्ली होती आणि काकांनी हात कागदाला पुसले होते.

ते गप्प राहिले असते, तर कोणाला काही कळलं नसतं. पण साळ्याची गाडी परत पाठवणारा माणूस तो. सगळ्यांसमोर बोट वर करून म्हणाले, "शेठ, ठेवा तुमची मशीन. मशीन कचोरी खात नाई."

सगळे पोट धरून हसले. मला मात्र रडू येत होतं.

त्यानंतरही काका यायचे, पण बाकावर बसून असायचे आणि उजवा हात खिशात. "काका, जरा बघा ना," म्हटलं की म्हणायचे, "मशीनले विचार." पुढे त्यांचं येणंही थांबलं. ते दवाखान्यात आहेत असा काकूंचा फोन आला.

मी घरून फरशीचे दोन तुकडे घेऊन गेलो. एकाला लेनचं तेल लावलेलं, दुसरा पुसून कोरडा. पिशवीतून काढून पलंगावर ठेवले आणि म्हणालो, "काका, डोळे मिटा." त्यांनी नको नको म्हणत हात बाहेर काढला. बोट अगदी काडीसारखं झालं होतं.

पहिल्यावर टेकवलं. "तेल हाये. तुह्या लेनचं."

दुसऱ्यावर टेकवलं, चोळलं, पुन्हा कडेला टेकवलं.

"हे कोरडं हाये," ते म्हणाले. "पण कडेले तेल हाये. तू काय खाऊन आला बे?"

दवाखान्याच्या फाटकाशी मी घाईघाईत एक कचोरी खाल्ली होती, आणि हात कागदाला पुसले होते.

काका खदखदून हसले. नर्स धावत आली, काकूंनी डोक्याला हात लावला. "उशीखालची माही वही काढ," काका म्हणाले. "लिही. बोट : चांगलं हाये. पोरगा : फरदड." मी लिहिलं. पुढच्या गुरुवारी ते गेले.

आता मी सकाळी साबणाने दोनदा हात धुतो आणि लेनला आधी बोट लावतो. यंत्र नंतर. दोघांचं पटलं नाही, तर मी कोणाचं ऐकतो हे शेठना अजून सांगितलेलं नाही.