न वाचलेल्या ओळींची फाईल

संगणकाला हात लावण्याआधी सर चपला बाहेर काढत आणि खडूचे हात पँटला पुसत. सी ही संगणकाची भाषा शिकवताना प्रत्येक वाक्यामागे विचारत, "समजून राह्यलं का?" फाईल वाचण्याच्या धड्याला तर त्यांचा आवाजच चढे. "एफस्कॅनएफ कमांडनं ओळीतले किती रकाने वाचले, ते तपासा. जे ओळ वाचता नाही आली ते फेकू नोका, वेगळ्या फाईलीत टाका."

कापूस खरेदी केंद्राचा प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता आणि मी तिथे ऑपरेटर होतो. त्या वर्षी व्यापारी कापसाला हात लावत नव्हते, म्हणून सगळ्या बैलगाड्या आमच्याच यार्डात. नोंदणीची फाईल वाचून प्रोग्राम यादी छापे, आणि त्या यादीत नाव आलं की गाडीचा नंबर लागे.

खरेदीच्या पाचव्या दिवशी एक म्हातारा खिडकीशी आला. "बाबू, बोरी अरबच्या गाड्या काहून नाही बोलावून राह्यले?"

मी सरांना बोलावलं. त्यांनी चपला काढल्या आणि ती वेगळी फाईल उघडली. बोरी अरबच्या सगळ्या ओळी तिथे पडून होत्या. मोकळी जागा आली की प्रोग्राम पुढचा रकाना धरे; गावाचं नाव दोन शब्दांचं, त्यामुळे 'अरब' वजनाच्या रकान्यात गेलं आणि प्रोग्रामने ओळ बाजूला टाकली होती.

"सर, असं होईल हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणून तर वेगळी फाईल केली. पाह्य, एकही ओळ हरवली नाही."

बाहेर बैल पाच दिवसांपासून उभे होते. सरांच्या चेहऱ्यावर मात्र पैकीच्या पैकी मार्क मिळाल्याचं समाधान होतं. "फाईल बंद कर," म्हणाले आणि चपला घालून गेले.

ती फाईल रोज उघडायची कोणी, हे त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.