पुण्याची ऑर्डर, पोपटवाली

चार बायका रोज दुपारी सुई घेऊन एकत्र बसल्या की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपसूक साठत जातात. परवा माझी भाची फोनवर म्हणाली, "मावशी, लिहून काढ ना हे सगळं, फुल कॉमेडी आहे!" लिहायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यातला एकही किस्सा घडत असताना आम्ही हसत नव्हतो. प्रत्येक वेळी कुणाची ना कुणाची बोबडी वळलेली होती. हसायचं काम आम्ही दुसऱ्या दिवशी करतो.

आमची वस्ती पुणतांब्यापासून दोनेक किलोमीटरवर, उसात आहे. दसरा झाला, पाऊस एकदाचा गेला, की सुमनअक्कांच्या ओट्यावर गोधड्या पडतात त्या त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. अक्का पासष्टीच्या आणि या कामातल्या आमच्या गुरू. शेजारची रंजना तोंडानं फटकळ. शीतल ही अक्कांची सून. आणि चौथी मी. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत घालवली, त्यामुळे सगळ्यांची 'बाई'.

आमची गोधडी साधी नसते. जुन्या साड्यांचे पाच-सहा थर, आणि वर रंगीत कापडातून कापलेले पोपट, कमळं, मोर, एखादा ट्रॅक्टरसुद्धा, बारीक टाक्यांनी बसवायचे. भाची म्हणते याला अ‍ॅप्लिक म्हणतात. अक्का म्हणाल्या, "म्हनू दे. आमी ठिगळाची नक्षी म्हनतो, तरी ऊब तेवढीच लागती."

खरं सांगते, वर्षभर मी याच दुपारींची वाट बघत असते. ऊन कडक, पण वाऱ्याला सुखद गारवा, चहाची किटली मधे, मांडीवर कापडांचे तुकडे. फक्त ओट्याच्या तीन बाजूंना दोन पुरुष उंचीचा ऊस उभा, आणि त्या उसात बिबट्या! मागच्या वर्षी शेजारची कालवड नेली त्यानं. म्हणून पाच वाजले की अक्का ओट्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहून लाटण्यानं थाळी बडवतात, आणि त्या आवाजात आम्ही घरी पळतो. त्या पायरीच्या पुढे, उसाकडे, अक्का दिवसाढवळ्यासुद्धा एक पाऊल टाकत नाहीत.

*

बिबट्याला माणसाचा आवाज ऐकू गेला पाहिजे, मोबाईलवर गाणी लावून चाला, असं वनखात्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्या मोबाईलमध्ये गाणी नाहीत. होते ते फक्त पाढे. शेवटच्या वर्षी पहिलीच्या वर्गाकडून म्हणून घेतलेले.

मग काय! रोज पाच वाजता मी उसाच्या बांधावरून झपझप चालतेय आणि माझ्या पिशवीतून चाळीस पोरं ओरडतायत, "बे एके बे, बे दुणे चार!" माझे कान उसाकडे इतके लागलेले असायचे, की बे दाहे वीस होईपर्यंत घर आलेलं मला कळायचं नाही.

रंजना म्हणाली, "बाई, ह्यानं बिबट्या पळायचा न्हाई. पन शिकून शाना व्हईल!"

*

आमच्यात गोधडीला घास भरवतात. मधल्या कमळाची एक पाकळी शेवटपर्यंत उघडी ठेवायची, तीत भाकरीचा नखाएवढा तुकडा आणि साखरेचे चार दाणे घालायचे, मग पाकळी टाचून टाकायची. गोधडीचं पोट उपाशी राहू नये म्हणून. घास भरला की गोधडी पुरी झाली.

रंजनाची पहिली गोधडी डबलबेडची होती. तिनं विचार केला, एवढ्या मोठ्या गोधडीला नखाएवढ्यानं काय होणार? तिनं दिवाळीचा अख्खा बेसनलाडू आत सरकवला!

आठवड्यानं तिचा नवरा दुपारचा लवंडला होता. पोटावरची गोधडी हलायला लागली. बरं, हा श्वास रोखून पडला, तरी ती हलतेच आहे. एका उडीत खाटेवर उभा राहून तो ओरडला, "रंजे, तुजी गोधडी जिती हाय!"

आत उंदीर निघाला. नवऱ्यानं आठ दिवस सतरंजीवर काढले. अक्का एवढंच म्हणाल्या, "आगं, घास भरवायचा असतो. जेवन घालायचं न्हाई."

*

आता यंदाची गोष्ट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कांनी एक अगदीच लहान गोधडी अंथरली. दोन हात लांब, दीड हात रुंद.

ती कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. शीतलला सातवा महिना होता. याआधी दोन वेळा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्याच्या आतच सगळं संपलं होतं. पहिल्या वेळी अक्कांनी हौसेनं बाळाची गोधडी आधीच शिवून घास भरून ठेवली होती. आपल्याच हातून दृष्ट लागली, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. ती गोधडी पुढे त्यांनी कुणाला दिली की गोदावरीत सोडली, आम्ही कधी विचारलं नाही. तेव्हापासून 'बाळ' हा शब्द त्या ओट्यावर कुणी उच्चारत नव्हतं.

पण अक्कांचे हात काही गप्प बसेनात. रंजनानं मुद्दामच विचारलं, "अक्का, ही एवढुशी कुनाची?"

"ऑर्डर हाय. पुन्याची."

"पुन्यात येवढी मानसं असत्यात व्हय?"

"कुत्र्यासाठी हाय!" अक्का मान वर न करता म्हणाल्या. "पुन्यात कुत्र्यालाबी गोधडी लागती."

आम्ही तिघी खाली माना घालून शिवत राहिलो. जरा वेळानं शीतल पोटावर एक हात ठेवून दुसऱ्या हातानं हिरवं कापड शोधत म्हणाली, "आई, त्या कुत्र्याला पोपट आवडत असतील का हो?"

"आवडत्यात," अक्का म्हणाल्या. "चारी कोपऱ्यांत लाव."

*

आमच्या सहा सुया काडेपेटीत असतात. उठताना त्या मोजायच्या, हा अक्कांचा कायदा आहे. दिवाळीच्या आधी एका सोमवारी पाचच भरल्या.

अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवशी आम्ही चौघींनी फक्त छोट्या गोधडीवर काम केलं होतं. "कुनी उठायचं न्हाई!" त्या म्हणाल्या. शीतलचा नवरा सचिन, त्यानं ट्रॅक्टरच्या जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून आणलं. ते आम्ही वरून फिरवलं, खालून फिरवलं. काही लागेना.

मग अक्का खाली बसल्या आणि त्यांनी त्या गोधडीवर आपला गाल टेकवला. बोटांना घट्टे पडलेत, त्यांना टोक कळत नाही, गालाला कळतं. वीत वीत सरकत त्यांनी अख्खी गोधडी गालानं तपासली. पुन्हा उलटी केली आणि पुन्हा सुरुवात केली. मी म्हटलं, "अक्का, तुमच्या डोळ्यात जाईल!"

"जाऊ दे!" त्या म्हणाल्या. "पुन्याच्या त्या कुत्र्याला टोचली म्हंजी?" आणि त्यांचा आवाज फाटला. शीतल उठून आत निघून गेली.

तेवढ्यात रंजना "आई गं!" म्हणून किंचाळली. सुई तिच्याच खांद्यावर, पदरात अडकलेली होती. तिनं दुपारभर ती तशीच वागवली होती.

"मला वाटलं," ती खांदा चोळत म्हणाली, "वयामुळं दुखतंया!"

*

दिवाळी झाल्यावर एक मोठी गोधडी धुऊन आम्ही उसाच्या कडेला तारेवर टाकली. तिच्यात रंजनाच्या जुन्या साडीचे तुकडे होते. साडी पिवळी, तिच्यावर काळे गोल.

तासाभरात चौघींचे मोबाईल एकदम वाजले. गावाच्या ग्रुपवर कुणा ट्रॅक्टरवाल्यानं लांबून काढलेला फोटो टाकला होता: 'सुमनअक्कांच्या वस्तीवर बिबट्या. बाहेर पडू नका!' फोटोत आमचीच तार होती, म्हणजे बिबट्या दहा पावलांवर! आम्ही दार लावलं, कडी घातली, वर दाराला धान्याची कणगी लावली. शीतलला मधे बसवून आम्ही तिघी भोवती बसलो. माझ्या हातात कात्री, रंजनाच्या हातात मुसळ. दीड तास कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही.

वनखात्याची माणसं काठ्या, जाळी घेऊन आली. मग दारावर थाप पडली आणि एक साहेब बाहेरून म्हणाले, "मावशी, हा बिबट्या कुणाचा?"

रंजनानं फटीतून पाहिलं आणि अशी लाजली, काय सांगू! "साहेब, त्यो माज्या भावानं भाऊबिजेला दिलाय!"

हसून हसून त्या माणसांची मुरकुंडी वळली. मात्र जाताना तेच साहेब पाण्याच्या पाटाच्या कडेला वाकले आणि गंभीर झाले. चिखलात ताजे ठसे होते. "गोधडीचं सोडा मावशी," ते म्हणाले, "पण हे खरे आहेत." त्या दिवशी अक्कांनी थाळी इतकी बडवली की तिला पोचे आले.

*

चारच दिवसांनी, दुपारचे चार वाजले असतील. मी जरा लवकर निघाले. पाटाच्या पलीकडे बांधावर रंजनाची तीच पिवळी गोधडी पडलेली दिसली. वाऱ्यानं उडाली असणार. एवढी धुतलेली, आता मातीत लोळतेय! मला रागच आला. उचलून झटकावी म्हणून मी सात-आठ पावलांवर गेले.

गोधडी उठून उभी राहिली.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं त्यातून जे निघालं ते निघालं. मग मी मागं वळून जी पळाले ती चप्पल टाकून ओट्यावर. शीतलनं मला पाण्याचा पेला धरून पाजला.

"काय म्हनला तुमी त्याला?" रंजनानं विचारलं.

"'बस खाली' म्हणाले."

"मंग बसला का?"

"बघायला मी थांबले नाही!"

रंजना हसली, पण अक्का हसल्या नाहीत. त्या उसाकडे आणि मग शीतलकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी सुनेला अंगणातसुद्धा एकटं सोडलं नाही.

*

छोटी गोधडी त्रिपुरीच्या आधीच पुरी व्हायला आली. चारी कोपऱ्यांत पोपट, मधे गुलाबी कमळ. उरली फक्त एक उघडी पाकळी. रंजना दोनदा म्हणाली, "अक्का, घास भरून टाका की." अक्का म्हणायच्या, "ऑर्डरवाला आला की भरू. न्हाई आला तर?" भीती आम्हालाही तीच होती.

शीतलच्या कळा आठव्यातच सुरू झाल्या, सकाळी दहाला. सचिन तिला गाडीत घालून कोपरगावला घेऊन गेला. अक्का गेल्या नाहीत. "मी आले की वंगाळ हुतं," म्हणाल्या आणि ओट्यावर येऊन बसल्या. आम्ही दोघी त्यांच्याजवळ बसलो. मोबाईल त्यांनी त्या गोधडीवर, कमळाच्या मधोमध ठेवला. दुपारभर कुणी एक टाका घातला नाही. जेवण नाही, चहा नाही.

दोन वाजता मोबाईल वाजला. अक्कांनी डोळे गच्च मिटले. मी उचलला. ऊसतोडीचा टोळीवाला विचारत होता, "तुमचा ऊस कंच्या बाजूला हाय?" रंजनानं मोबाईल हिसकावून त्याला अशा काही शिव्या घातल्या, की त्या इथं लिहिता येत नाहीत.

साडेचारला पुन्हा वाजला. सचिनचं नाव दिसत होतं. अक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मी उचलला.

"बाई, आईला सांगा, मुलगी झाली. बारीक हाय, चार-सहा दिवस काचेत ठेवनार म्हनले. पन रडली. लई मोठ्यानं रडली! शीतलबी बरी हाय."

मी तसंच्या तसं सांगितलं. अक्का उठून आत गेल्या, दुरडीतल्या सकाळच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडून आणला, पाकळीत घातला, वर साखर सोडली. सुईत दोरा जाईना, तो मी ओवून दिला. पाकळी टाचायला त्यांना चांगली दहा-पंधरा मिनिटं लागली. मग त्यांनी दोरा दातानं तोडला आणि सुया मोजल्या. सहा भरल्या.

डोळे पुसत रंजना म्हणाली, "आली म्हनायची एकदाची पुन्याची ऑर्डर!"

"कसली ऑर्डर? माजी नात हाय ती," अक्का म्हणाल्या.

पाच वाजले होते. रंजनानं अक्कांना द्यायला थाळी आणि लाटणं उचललं. अक्कांनी ते तिच्या हातातून काढून ओट्यावर ठेवून दिलं. मग त्या शेवटची पायरी उतरल्या, अंगण ओलांडलं, पाटही ओलांडला. आम्ही दोघी मागून "अक्का! अक्का!" करत राहिलो. उसाला हात लागेल इतक्या जवळ जाऊन त्या उभ्या राहिल्या आणि आत बघून हळू आवाजात म्हणाल्या,

"घरात बाळ येनार हाय. आता तूबी जरा दमानं घे."