नवऱ्याला काय म्हणतात

फॉर्मवर नवऱ्याच्या नावाचा रकाना आला की वहिनी पेन खाली ठेवायच्या. "शब्दाचं मूळ बघायचं, भावजी. आधी मूळ." मग माझी दहा मिनिटं गेलीच म्हणून समजा.

वहिनी युक्रेनच्या. तिकडे इंजिनिअरिंग शिकायला गेलेल्या आपल्या एका मराठी माणसाशी लग्न करून शारजात आलेल्या. नव्वदच्या दशकात गोण्या भरभरून माल नेणारे रशियन व्यापारी तुम्हीही तिथं पाहिले असतील. आमच्या कार्गो ऑफिसात त्यांची कागदपत्रं वहिनी बघायच्या, आणि व्हिसा, लेबर कार्डाची कामं मी. मराठी त्या सासूकडून शिकलेल्या; 'अगंबाई' तर अस्सल यायचं.

"रशियन 'मूझ', म्हणजे नवरा, आणि तुमचा 'मनुष्य' चुलतभाऊ," त्या सांगायच्या. "आम्ही नवऱ्याला 'चोलोविक' म्हणतो. म्हणजे नुसता माणूस."

"आमच्या गावीही बायका म्हणतात, माझा माणूस."

"पण रशियन कागदावर 'सुप्रुग'. मूळ काय? एका जुवाला जुंपलेला." मग हसून, "दोघं हं, भावजी!"

वहिनींचं जू मात्र एकटीचंच होतं. व्हिसा नवऱ्याचा, नोकरीला दरवर्षी त्याचं ना हरकत पत्र, आणि पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलपात.

एका वर्षी लेबर कार्डासाठी तो पासपोर्ट माझ्या टेबलावर आला. वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"आई हॉस्पिटलात आहे. आमचे हे गेले तीन महिने नुसतं 'बघू' म्हणतात. तिकिटाची सोय मी केलीय. काम झालं की पासपोर्ट माझ्या हातात द्या."

आमच्याकडे रिवाज असा, की बायकोचा पासपोर्ट नवऱ्यालाच परत, सही घेऊन.

"बघतो, इन्शाल्ला," मी म्हणालो. आणि कार्ड झाल्यावर नवऱ्याला फोन केला. सवयीनं केला असं मी सांगत आलो, पण खरं म्हणजे घाबरलो होतो. माझा स्वतःचा पासपोर्टही कंपनीच्या तिजोरीत होता.

गृहस्थ आले, सही केली, चहा घेऊन गेले. वहिनींनी मान वर केली नाही.

महिन्याभरात आई गेल्याचा फोन ऑफिसातच आला. वहिनींनी तो ठेवला आणि हातातला कागद पुरा केला. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी ना हरकत पत्र आलंच नाही. मी फोन केला, तर गृहस्थ म्हणाले, "खलास. आता घरीच बसू दे तिला." वहिनी पुन्हा दिसल्या नाहीत.

त्यानंतर मी बायकांचे पासपोर्ट त्यांच्याच हातात देऊ लागलो. एका नवऱ्यानं येऊन तमाशा केला. साहेबांनी मला झापलं, आणि दुपारी नेहमीसारखं जेवायला बोलावलं. वहिनींच्या वेळीही एवढंच होणार होतं.